आंब्याचा पाचवा वाटा

आंबे उतरवून झाले की ढेळजेत पोती अंथरली जायची आणि आबा स्वतः वाटे घालायला बसायचे. चार मुलांचे चार वाटे, आणि त्यांच्या शेजारी पाचवा. तो पोरींचा. आमच्या तिन्ही आत्या कधीच सासरी गेलेल्या, एक उदगीरकडे, एक मुखेडकडे, एक लोह्याजवळ. तरी पाचवा वाटा पडल्याशिवाय आबा उठत नसत. एखादा आंबा कमी पडला तर मुलांच्या वाट्यातला उचलून पोरींच्या वाट्यात टाकत. मग ते आंबे कडब्यात घालून, कापडात बांधून, बैलगाडीनं नाहीतर एस.टी.च्या टपावरून तिन्ही गावांना जायचे.

अहमदपूर आणि कंधारच्या मधल्या बालाघाटाच्या माळावर, बारा खणांच्या वाड्यात आम्ही चौदा चुलत भावंडं वाढलो. आपलं काय आणि किती, हे आम्हाला कुणी कधी मोजून सांगितलं नाही. वाडा आपला, आड आपला, गोठा आपला, एवढंच कळायचं. कोण कुठल्या काकीच्या ताटात जेवला याचा हिशेब नव्हता.

वाड्याच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन, तीन-तीन हात रुंद. वर सागवानी तुळया आणि त्यांच्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गेलं की अंग निवायचं. भिंतीच्या पोटात बळद होतं. सुगी झाली की माळवदावरच्या तोंडातून ज्वारी ओतायची, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला आणि राख घालायची, आणि काढायची ती खालच्या छोट्या मोरीतून. मोरीला चिंध्यांचा बोळा आणि वरून शेणमाती. आजी मातीचा लेप फोडून बोळा उपसायची, तेव्हा आतून ज्वारी सरसर खाली यायची. तो आवाज आमच्यातल्या प्रत्येकाच्या कानात आहे. बळद तळाला आलं की आमच्यातल्या सगळ्यात बारीक पोराला वरून आत सोडायचे. आत गार अंधार, पायाखाली सरकणारे दाणे, आणि वर साण्याएवढं आभाळ. जो उतरला त्याचा रुबाब महिनाभर राहायचा.

त्याहून मोठा ठेवा पांढरीत होता, तो म्हणजे पेव. ते उघडायचं म्हणजे सोहळाच. तोंडावरचा दगड काढून एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, इतकी आतली हवा वाईट. 1972 च्या दुष्काळात आबांनी पेव उघडलं. आंबूस वासाच्या त्या काळपट ज्वारीच्या भाकरी खाऊन आम्ही ते साल काढलं. गावातल्या कितीतरी घरच्या आया तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या, हातांना फोड घेऊन परतत होत्या. आमच्या आया गेल्या नाहीत. त्यामागं कुणाची पुण्याई नव्हती, पेव होतं एवढंच. ज्यांच्या नावावर रान नव्हतं, त्यांच्याकडे पेवात घालायलाही काही नव्हतं. त्यांच्यासाठीच दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये मराठवाड्यातही भूमिहीनांचा सत्याग्रह केला होता. आमच्या गावच्या गायरानावर ज्यांनी दगड वेचून शेतं केली, त्यांची नातवंडं आमच्याबरोबर शाळेत होती. वाड्याची आठवण काढताना ती घरंही आठवतात.

आमच्या रानांना नावं होती. माळाचं, लवणातलं, पांदीचं, चिंचेचं, देवाचं. पुढं एकत्रीकरणात गट क्रमांक पडले, पण सांगावा द्यायचा तर अजूनही 'लवणात या' असाच. कागद मात्र आबांच्या पत्र्याच्या पेटीत होते. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत, त्याआधीचं काही मोडीत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, 1950 साली कुळकायदा आला, मग 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक झालं. आजही आमच्याकडे बांधावरून भांडण लागलं की वकील आधी तेच पत्रक मागतात. पेटीतले उर्दू कागद वाचायला गावातले एक म्हातारे गुरुजी येत. ते उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायचे आणि आम्ही थक्क होऊन बघायचो. ते गेल्यावर कागद तसेच राहिले. आमचीच मालकी सांगणारे, पण आम्हालाच न वाचता येणारे.

खरी मालमत्ता मोजली जायची ती गोठ्यात. आमच्याकडे देवणीची एक जोडी आणि लाल कंधारीची एक. देवणीतला पांढराशुभ्र तो बालंक्या, तोंडावर काळं असलेला वानेरा, काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा, हे आम्हाला बाराखडीच्या आधी ओळखता यायचं. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या दर्शनाइतकंच लक्ष बैलबाजाराकडे असायचं. धन्याची ऐपत बैलाच्या वशिंडावरून ठरायची.

आणि वर्षातून एक दिवस असा यायचा की रानात मालक कोण हे कुणी विचारायचं नाही. मार्गशीर्षातली येळवस. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, मातीच्या बिंदग्यात आंबील, ओल्या शेंगादाण्यांची आंबटगोड भज्जी, बाजरीचे उंडे. पांदीनं जाणारा ओळखीचा असो वा नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी तिन्ही आत्या येत. त्या आल्या की आधी घरात शिरत नसत. पांदीच्या रानातल्या साखऱ्या आंब्याखाली जाऊन खोडाला हात लावून येत. लहानपणी त्यांनी त्याला पाणी घातलेलं.

आबा 1984 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी वाटणी झाली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्शात मुलींनाही वारस ठरवलं होतं, म्हणून आत्यांच्या सह्या लागल्या. एका सकाळी आमचे वडील आणि चुलते तिघींना घेऊन तालुक्याला रजिस्ट्री कचेरीत गेले. आमच्यातले दोघं पिशव्या धरायला बरोबर होतो. दोघी आत्यांनी अंगठे दिले. मधली आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिनं पदरानं हात पुसला, पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. आधी माहेरचं लिहून गेली. कारकुनानं टोकलं, तेव्हा ते खोडून सासरचं लिहिलं. बाहेर आल्यावर भावांनी तिघींना लुगडी घेतली, हॉटेलात भजी खाऊ घातली. कुणीतरी विचारलं, मनात काही नाही ना? धाकटी आत्या म्हणाली, "मला काय करायचंय बाबा रानाचं? माह्या यायच्या वाटंवर काटा टाकू नका म्हंजे झालं."

आम्हाला तेव्हा ते बोलणं फार थोर वाटलं. आज त्याचा अर्थ निराळा लागतो. एकेका बहिणीनं जमीन सोडली ती माहेर टिकावं म्हणून. वाटेची हमी मागायला जमिनीवर पाणी सोडावं लागलं. भावांना ती वाट जन्मानंच मिळाली होती, त्यांना त्यासाठी काही द्यावं लागलं नाही.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक नुकते निजलेले. चार वाजायच्या आत जमीन हलली. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत काही हजार माणसं त्याच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात निववलं त्याच अंगावर आल्या. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. आमचं गाव लांब, आमचा वाडा उभा राहिला, पण बळदाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. महिनाभर आम्ही खळ्यावर पत्रे टाकून निजलो. त्यानंतर माळवदाखाली कुणाला झोप लागेना. चौघा भावांनी वाडा उतरवला, खणाखणानं सागवान वाटून घेतलं, आणि चार कोपऱ्यांत स्लॅबची चार घरं उठली. वाटणी 1985 ला कागदावर झाली होती. डोळ्यांना ती दिसली ती तुळया चार ढिगांत रचल्या तेव्हा.

1994 मध्ये राज्यानं आणि 2005 मध्ये देशानं कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच वाटेकरी झाली. आमच्या वडिलांच्या पिढीतलं एकेक माणूस गेलं, तशी वारसांच्या फेरफारात आमच्या बहिणींची नावं आपोआप लागली. लगेच सल्ले सुरू झाले, हक्कसोड करून घ्या, पुढं अडचण नको. चारपैकी दोन घरांनी करून घेतली. दोन घरांनी नाही. ज्यांनी नाही केली, त्यांच्यात ते पिशव्या धरायला गेलेले दोघं होते. खोडलेलं ते माहेरचं नाव त्यांनी जवळून पाहिलं होतं. बहिणीला सही मागायची नाही, एवढं आमच्या पिढीनं करावं, असं आम्ही आता आमच्या मुलांना सांगतो. नाव राहू द्या. नाव राहिल्यानं वाट बुजत नाही.

लवणात, माळावर आता सगळीकडे सोयाबीन आहे. गोठे ओस पडले. साखऱ्या मात्र बांधावर उभा आहे, वाटणीत तो सामाईक ठेवला होता. या वर्षी आंबे उतरवले, तेव्हा वाटे घालायला आमची धाकटी बहीण बसली, सातबाऱ्यावर नाव असलेली. चार घरांचे चार वाटे तिनं घातले. मग हात न थांबता पाचवा घातला. आम्ही म्हणालो, अगं, आता तुमचा वाटा त्या चारांतच आला की.

"हा आमचा नाही," ती म्हणाली. "आत्याचा."

तिघींपैकी मधली आत्या तेवढी उरली आहे, ऐंशी ओलांडलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तो वाटा मुखेडकडे गेला.