थांबवता येणारे वाहन

हिवाळ्यात वर्ध्याहून सायकल काढावी ती दिवस उजाडायच्या आत. कॅरिअरला पंप आणि पाण्याची बाटली, पिशवीत गोरस भांडारातला गोरसपाक. बाजारपेठेचे शटर उघडेपर्यंत गाव मागे पडते आणि आठेक किलोमीटरवर सेवाग्राम येते. 1936 मध्ये गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा आपल्या घराला पाचशे रुपयांहून जास्त खर्च नको, अशी त्यांची अट होती. आधी मर्यादा, मग घर. सायकलवाल्याला हे पटकन पटते. पायात असेल तेवढाच त्याचा वेग.

पवनारला धाम नदीच्या पुलावर थांबलो. पलीकडे विनोबांचा आश्रम. हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला 1951 मध्ये विनोबा रेल्वेने न जाता पायी गेले. संमेलन आटोपल्यावर तेलंगणातूनही पायीच हिंडले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. विनोबा गाडीत बसून त्या मुलखातून निघून गेले असते, तर ही मागणी त्यांच्या कानावर कशी पडली असती?

सेलूच्या अलीकडे हमरस्ता सोडून गावरस्त्याला लागलो. वावरात वेचणी चालली होती. कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकून वेचत होत्या. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी. तरी एका चिमटीत सगळा कापूस निघे आणि पाकळ्या झाडावरच राहत. ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी. गाडीतून हेच शेत पांढऱ्या ठिपक्यांचे दिसते. सायकलवरून त्या बोटांच्या चिरा दिसतात. “कुठून आले जी?” एकीने विचारले. वर्ध्याहून, म्हटल्यावर हसली. “एवढ्या दुरून, अन् कामाबिगर?” मग कापसाच्या भावाची गोष्ट निघाली. वेचणीची मजुरी किलोवर, पण भाव कुठे ठरतो ते ना तिला माहीत, ना शेताच्या मालकाला.

परतताना येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गाच्या खालून गेलो. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 ची मुभा. सायकलच काय, मोटारसायकललाही वर प्रवेश नाही, आणि त्या वेगात ते योग्यच आहे. आजाऱ्याला नागपूर गाठायचे असेल, तर असा रस्ता हवाच. पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. धुऱ्यावरून कोणी हात केला तरी तिथे गाडी थांबत नाही.

वेगाला माझी हरकत नाही. आपल्याला कोणीच हाक मारू शकणार नाही, अशी प्रवासाची सवय लागते, तिला आहे. निर्णय घेणाऱ्या माणसांना ती लागली तर जास्तच वाईट. म्हणून आमदार, अधिकारी, पत्रकार, या जिल्ह्याबद्दल ज्यांना काही ठरवायचे वा लिहायचे आहे त्यांनी, वर्षातून एक दिवस तरी वेचणीच्या हंगामात इथे सायकलने फिरावे. आणि कोणी हात केला, तर उतरावे.