फोर्ट मन्रोच्या गावी दोन पत्रे

दौलताबाद

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

किल्ला चढून उतरलो. अंधारीतला वटवाघळांचा वास अजून नाकातून जात नाही. चिनी महालापाशी मात्र बराच वेळ थांबलो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने इथे कोंडून ठेवले होते. हॅम्प्टनला आपल्या घराजवळच्या फोर्ट मन्रोत तू मला जेफरसन डेव्हिसची कोठडी दाखवली होतीस, ती आठवली. अमेरिकेतले यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणेचा तो अध्यक्ष 1867 मध्ये जामिनावर सुटला. तानाशाहाला सुटका नव्हती. तो कैदेतच मेला.

तुझ्या इतिहासात 1619 साल ठळक छापलेले असते. त्या ऑगस्टात फोर्ट मन्रोच्या जागी, पॉइंट कम्फर्टला, ‘व्हाइट लायन’ जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसे उतरवली आणि अन्नधान्याच्या बदल्यात विकली. आता त्याच वर्षी इकडे काय चालले होते ते बघ. निजामशाहीचा कारभार एका आफ्रिकी माणसाच्या हाती होता. मलिक अंबर. लहानपणी विकला गेलेला, मोखा, बगदाद करत दख्खनला पोचलेला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही हबशी आणि एके काळचा गुलामच! 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर अंबरने राज्य सावरले, राजधानी दौलताबादला आणली, खडकी वसवली. तेच आजचे संभाजीनगर. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजा एकदम मोडल्या, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर तर इतका चिडलेला, की अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र त्याने काढून घेतले. मुंडके चित्रातच राहिले.

तुझे बाबा

खुलताबाद

चि. सई,

आज अंबरची कबर पाहिली. 1626 मध्ये तो वारला आणि कारभार मुलाकडे, फत्तेखानाकडे गेला. बापाचा वकूब त्याच्यात नव्हता. 1633 मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. पण नालायक निघण्याची मुभा तरी त्याला होती. तुझ्या व्हर्जिनियाने 1662 मध्ये कायदाच केला, की आई गुलाम तर मूलही गुलाम. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीची झाली, ती 1865 पर्यंत.

म्हणून इकडची गुलामी भली होती असे वर्गात सांगू नकोस हो. खुद्द अंबरनेही हबशी गुलाम विकत घेऊन फौजेत भरले. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि जन्माने माणसाला बांधून टाकायला आपल्याकडे जात होतीच. जोतीराव फुल्यांना ते बरोबर दिसले. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. मराठी जड वाटले तर आजीला विचार, पण मी परत येईपर्यंत वाचून ठेव.

तुझे बाबा