कूलंटचा हिशोब



गाडीचं बॉनेट उघडणं हे आमच्याकडे यांचं काम. हे गेल्यापासून गाडी मी चालवते, पण बॉनेटला कधी हात लावला नव्हता. मागच्या वैशाखात 87 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन दुपारी सांगलीहून बाहुबलीला निघाले, आणि जयसिंगपूरच्या पुढे तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला. गाडी झाडाखाली घेऊन बंद केली. पदराने धरून टाकीचं झाकण फिरवणार, तोच चहाच्या टपरीवाला ओरडला, "काकू, हात लावू नका! उकळतं पाणी अंगावर येईल." त्या देवमाणसामुळे माझं तोंड वाचलं. इंजिन पूर्ण गार व्हायला तास-दीड तास गेला. मग त्याच्याकडचं पाणी ओतून हळूहळू निघालो. सासूबाईंना दिवस मावळल्यावर पाणीही चालत नाही. डबा उघडला तेव्हा सूर्यास्ताला दहा मिनिटं होती.

घरी आल्यावर यांची गाडीची वही काढली. शेवटच्या पानावर यांच्या अक्षरात तीन नोंदी, "कूलंट अर्धा लिटर". पहिल्या दोन नोंदींत चार महिन्यांचं अंतर, पुढच्या दोनांत दीड. मी बी.कॉम. झालेली बाई, शिल्लक जुळत नसेल तर मला झोप येत नाही. कूलंट पेट्रोलसारखं जळत नाही, ते बंद नळ्यांतून फिरत राहतं. वारंवार कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय. यांना हे कळलं नसेल असं नाही, पण स्वभावच "बघू पुढच्या महिन्यात" असा. डॉक्टरकडे जायचंही तसंच पुढे ढकललं होतं.

मेकॅनिकने रेडिएटरची चिरलेली नळी बदलली. मी विचारलं, आमच्या घरचं गाळलेलं पाणी घातलं तर? तो हसला. "काकू, गाळून जीव वाचतात, क्षार निघत नाहीत. ते आत साचतात." म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तयार कूलंटच आणते. रंग बघून कुठलंही घ्यायचं नाही.

आता दर शनिवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर बघते. अर्धपारदर्शक टाकीवर दोन रेषा असतात, पातळी त्यांच्या मधे हवी. त्यासाठी झाकण उघडावंही लागत नाही.

एक मात्र आवर्जून सांगते. पहिल्यांदा भरताना माझ्या हातून थोडं सांडलं आणि गल्लीतली मांजर लगेच हुंगायला आली. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण विष. मांजराला थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं. तिला हाकललं, जुन्या धोतराच्या फडक्याने सगळं टिपलं, वर पाणी ओतून फरशी घासली, फडकं पिशवीत बांधून टाकलं. दिवसभर ती दिसली की जीवात जीव यायचा. बाटली आता कुलुपात असते.

वहीत यांच्या नोंदींखाली माझ्या सुरू झाल्यात. सोळा शनिवार झाले, पातळी तीच.