बावन्नावं नाव

25 जून 2015. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडत होते. दोन फेऱ्या, साठ नावं. त्यातलं बावन्नावं डॅलस मॅव्हरिक्सने घेतलं: सतनाम सिंग भामरा. वय 19, उंची सात फूट दोन इंच, गाव पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के. भारतात जन्मून वाढलेला एकही खेळाडू याआधी त्या यादीत आला नव्हता. इकडे कौतुकाचा पूर आला. पुढे एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही.

वडील बलबीर सिंग हेही सात फुटी. त्यांची उंची शेतातच राहिली. मुलाची लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पोचली. तिथे एस. सुब्रमण्यम यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले आणि 2010 साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत दाखल झाला. इंग्रजी येत नव्हतं. उंची मात्र सगळ्यांना कळत होती.

आणि नेमका त्याच्या निवडीच्याच महिन्यात उंचीचा भाव उतरत होता. निवडीच्या नऊच दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने विजेतेपद मिळवलं होतं. अंतिम मालिकेत 1–2 असे मागे पडल्यावर प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं, साडेसहा फुटी आंद्रे इग्वोडालाला घेतलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. इग्वोडालाच मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 3.05 मीटर उंचीवरच्या रिंगखाली ठाण मांडून बसणारा सेंटर आता ओझं वाटू लागला. त्यानेही पळावं, तीन गुणांच्या रेषेबाहेरून बास्केट करावी, अशी मागणी होऊ लागली. सतनामला घडवलं होतं आधीच्या खेळासाठी. डॅलसच्या हाताखालच्या टेक्सास लेजंड्स संघात तो दोन हंगाम राहिला, बराचसा बाकावरच.

बाकावर बसणं हे काही अपयश नव्हे. पुण्याजवळच्या थेरगावकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या वेंगसरकर अकादमीत घडलेला सांगवीचा क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड 2019 च्या आयपीएलमध्ये चेन्नईच्या संघात होता, पण एकही सामना खेळला नाही. 2020 साली संधी मिळाली तेव्हा पहिल्याच चेंडूवर बाद. पण त्याच्या पायाखाली शिडी होती. चेन्नईने बसवलं तरी महाराष्ट्राचा संघ होता, रणजी होती, विजय हजारे होती, भारत ‘अ’ होता. एक पायरी निसटली, तर खालच्या पायरीवर पाय टेकवायचा, धावा करायच्या, पुन्हा वर चढायचं. 2021 च्या आयपीएलमध्ये त्याने 635 धावा काढल्या, सगळ्यांत जास्त. गुणवत्ता त्याचीच, त्यात वाद नाही. पण ती मुरायला लागणारी वर्षं कुणीतरी आधीच बांधून ठेवली होती.

सतनामच्या खाली काय होतं? 2015 सालीच भारतात यूबीए नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली होती. पुण्याच्या संघाचं नाव होतं पुणे पेशवाज. 2017 नंतर ती लीगच उरली नाही. हे पेशवे तर शनिवारवाड्यापर्यंत पोचण्याआधीच मावळले. मग आपल्याकडचा बास्केटबॉलपटू जगतो कशावर? नोकरीवर. मुंबईच्या नागपाड्याचे अब्बास मुंतसिर यांना 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या काळापासून आजपर्यंत खेळाडूचा खरा आधार म्हणजे रेल्वे, पोलीस, सरकारी कचेऱ्या. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. देशांतर्गत सामन्यांत ती रेल्वेकडून खेळते. या व्यवस्थेला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तिनेच हा खेळ जगवला. मात्र तिच्यात पगार आहे, निवृत्तिवेतन आहे. डॅलसच्या दारातून परत आलेल्या विशीतल्या मुलाला वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, तगड्या सेंटरशी भिडता येईल असे सामने नाहीत.

मग सतनाम कॅनडात सेंट जॉन्स एज संघाकडून खेळला, भारताकडूनही. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच आमनेसामने आले: इंडियाना पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज.  त्याच सुमारास बंगळुरूच्या राष्ट्रीय शिबिरात सतनामची उत्तेजक द्रव्यांसाठी चाचणी झाली. हायजेनामाइन सापडलं. काही वनस्पतींत, काही पूरक आहाराच्या डब्यांतही असणारा हा पदार्थ बंदीच्या यादीत आहे. शिक्षा दोन वर्षांची, नोव्हेंबर 2021 पर्यंत. तेव्हा तो पंचविशीत होता, सेंटरच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं.

बंदी संपण्याआधीच, सप्टेंबर 2021 मध्ये, अमेरिकेच्या ‘ऑल एलीट रेसलिंग’ या कुस्ती कंपनीने त्याला करारबद्ध केलं. एप्रिल 2022 मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला आणि सामोआ जो या कुस्तीगिरावर तुटून पडला. ही कुस्ती आपल्या तालमीतली नव्हे. तिथे कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, आणि सात फूट दोन इंचांच्या माणसाने तीन गुणांच्या रेषेबाहेरून बास्केट करावी, असं कुणी म्हणत नाही.