हिंगोलीची पेठ आणि कलौंजीचे नाव

शिरड शहापूर येथील भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास निघालेले अनेक यात्रेकरू हिंगोलीहून औंढा नागनाथमार्गे पुढे जातात. हाती दोन-तीन तासांचा अवकाश असेल, तर त्यांनी हिंगोलीची पेठ अवश्य पाहावी. परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. परंतु व्यापाराचे गाव म्हणून हिंगोलीची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. निजामाच्या काळी येथे फौजेची छावणी होती आणि कापसाची मोठी उलाढाल होत असे.

आज या जिल्ह्याचे वैभव हळदीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतातून निघालेली हळद शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून येथील संत नामदेव हळद बाजारात येते. पिवळ्या कांडीचे ढीग, लिलावाचे आवाज, हमालांच्या अंगावर बसलेली पिवळी धूळ, सारे पाहत राहावेसे वाटते. जिल्ह्यातीलच वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळद हा जमिनीखालचा कंद आहे. म्हणूनच कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या आपल्या घरांत ओली हळद येत नाही. वाळलेली हळद मात्र परंपरेने चालते. आले आणि सुंठ यांचेही तसेच. वस्तू कोणती, ती कोणत्या अवस्थेत आहे, याचा इतका बारकाईने विचार आपल्या पूर्वजांनी केला आहे. असे असताना एका निरुपद्रवी मसाल्याला मात्र आपण केवळ नावाच्या घोटाळ्यामुळे दूर ठेवतो. तो मसाला म्हणजे कलौंजी.

हळद बाजारातून किराणा दुकानांकडे वळल्यावर जिरे, ओवा, बडीशेप यांच्या शेजारी काळ्या दाण्यांचीही पोती दिसतात. मठरीवर किंवा लोणच्यात हाच काळा दाणा दिसला की आपल्यापैकी कितीतरी जण ‘हे कांद्याचे बी’ म्हणून ताट बाजूला सारतात. परदेशी जाणाऱ्या मुलांचा गोंधळ तर आणखीच वाढतो; कारण तेथील पाकिटांवर कलौंजीला इंग्रजीत सर्रास ‘ब्लॅक ऑनियन सीड’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात कलौंजीचा कांद्याशी काडीमात्र संबंध नाही.

वनस्पतिशास्त्रात कलौंजीच्या प्रजातीला नायजेला म्हणतात. काळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. ही प्रजाती मोरवेलीच्या कुळातील आहे. आपल्या डोंगरांवरील रानवेल मोरवेल आणि हिमालयातील जहाल विषारी बचनाग हे तिचे भाऊबंद. एकाच कुळात विष निपजावे आणि स्वयंपाकघरातील मसालाही, ही निसर्गाची किमया! कलौंजीचे रोप वर्षायू असते आणि त्याची पाने बडीशेपेसारखी बारीक चिरलेली असतात. फिकट निळसर-पांढऱ्या फुलाच्या ज्या पाच पाकळ्या आपल्याला दिसतात, त्या खरे तर निदले. खऱ्या पाकळ्या इवल्याशा असून त्यांत मध असतो. पुढे फुलाचे फुगीर बोंड होते व त्यात काळे दाणे भरतात. या रोपाला कंद नसतो. उत्तर भारतात हे रब्बीचे पीक म्हणून घेतले जाते. आयुर्वेदालाही ते परिचित आहे: भावप्रकाशात जिऱ्याचे तीन प्रकार सांगताना जीरक आणि कृष्णजीरक यांच्या जोडीला कलौंजीचा उल्लेख ‘उपकुंचिका’ म्हणून येतो.

घोटाळा केवळ कांद्यापुरता नाही. ‘काळे जिरे’ मागितले, तर एखादा दुकानदार कलौंजी देतो, दुसरा शहाजिरे, तिसरा जंतांवर देतात ते कडू जिरे. चटणीचे कारळे पुन्हा निराळेच. म्हणून ओळख पटवून घ्यावी. शहाजिरे तपकिरी, बारीक आणि किंचित वाकलेले असते. कडू जिरे जिभेला लावताच कळते. कारळे लांबट आणि चकचकीत असतात. कलौंजीचा दाणा तीन कोनांचा, खरखरीत आणि मंद काळा असतो व बोटांनी चोळला असता ओव्याच्या जवळचा उग्र सुगंध येतो. कांद्याचे बीही काळे व कोनदार असते, पण ते सुरकुतलेले असते आणि चोळल्यावर असा सुगंध देत नाही.

कोणी म्हणेल, कलौंजीत कांद्याचे बी मिसळत नसतील कशावरून? पेरणीचे चांगले बी कलौंजीहून कितीतरी महाग असते. ते मिसळून व्यापाऱ्याला तोटाच होईल. परंतु कांद्याच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते आणि अशा जुन्या बियांना शेतकरी विचारत नाही. मोह होऊ शकतो तो तेथे. शिवाय पेरणीच्या बियांना पुष्कळदा विषारी औषध चोळलेले असते. तेव्हा हा प्रश्न केवळ आचाराचा नसून आरोग्याचाही आहे.

येथे आपला व्यापारी धर्म आठवतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाइतकाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ही दोष मानला आहे. एका वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू देणे, हा त्याचा सरळ अर्थ. धनादेशावरील नाव खात्याशी जुळले नाही, तर बँक पैसे देत नाही. मग व्रत पाळणाऱ्या ग्राहकाच्या हाती चुकीच्या नावाची पुडी कशी द्यावी? त्या नावामुळे कोणी निर्दोष वस्तू विनाकारण सोडतो, तर कोणी नको ती वस्तू नकळत खातो. दोन्ही बाजूंनी हानी विश्वासाची होते.

कलौंजी खावी की न खावी, हे ज्याने त्याने आपल्या नियमानुसार आणि गुरुजनांच्या मार्गदर्शनाने ठरवावे. पण त्याग करायचा तो वस्तू ओळखून करावा. आणि आपल्यापैकी ज्यांची किराण्याची दुकाने आहेत, त्यांनी एवढे अवश्य करावे: कलौंजी, शहाजिरे, कडू जिरे आणि कारळे यांच्या डब्यांवर चार वेगवेगळी नावे स्वच्छ अक्षरांत लिहावीत. त्याला खर्च काही नाही. आणि आपल्या पेढीची पत अशा नेमकेपणानेच वाढते.