नावांची राखण

काचबिंदू हा आजार फार सावकाश आणि बहुधा मुकाट्याने येतो. दुखत नाही, खुपत नाही. प्रथम नजरेच्या कडा झिजतात, आणि एकदा गेलेली दृष्टी पुन्हा मिळत नाही. वेळीच निदान झाले तर उरलेली तेवढी राखता येते. माझ्या वाट्याला जी उरली आहे तिच्या आधाराने मी वेदीपर्यंत जातो, समोर उभ्या असलेल्या माणसाची आकृती मला कळते. छापील अक्षर मात्र माझ्यापासून दूर गेले आहे. गेली काही वर्षे माझे वाचन आणि पत्रव्यवहार कानांनी चालतो.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. मी वापरतो तिचे नाव एनव्हीडीए. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी ती उभी केली; कामाला आरंभ झाला २००६ साली. अशा प्रणालींच्या किमती ज्यांना परवडत नाहीत त्या अंधांनाही संगणक खुला व्हावा, हा त्यांचा हेतू. ती आजही विनामूल्य मिळते.

'विंडोज १०'ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझा जुना संगणक पुढची आवृत्ती पेलण्याजोगा नव्हता, म्हणून नवा घेणे भाग पडले. इमेलमधली पत्रे सर्व्हरवर असल्यामुळे ती नव्या यंत्रावर आपोआप उतरली. पत्त्यांची वही मात्र थंडरबर्ड या प्रणालीत, जुन्या संगणकाच्याच पोटात होती. ती हलवायची होती.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मदतीला आला. मुलगा गुणी आणि सेवाभावी. म्हणाला, "फादर, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्याकडे द्या, पाच मिनिटांत करून देतो." मी म्हटले, "अरे, तू शेजारी बस. अडलो तर विचारीन. पण हे काम मलाच केले पाहिजे."

त्यामागे हट्ट नव्हता, कारण होते. चारशेहून अधिक नावांच्या त्या वहीत प्रत्येक नावापुढे टिपणासाठी जागा आहे. पापनिवेदनात ऐकलेले शब्द अर्थातच कुठेही लिहिले जात नाहीत. ते तिथेच संपतात. परंतु माणसे धर्मगुरूकडे एरवीही मन मोकळे करतात. कोणाचा मुलगा घर सोडून गेला आहे, आखातात असलेल्या कोणाची नोकरी सुटली आहे आणि घरी अजून कळवलेले नाही, कोणी दारू सोडली तो दिवस कोणता. पुढच्या पत्रात योग्य ती विचारपूस करता यावी म्हणून मी अशा दोन-दोन ओळी टिपून ठेवल्या होत्या. वही बाहेर काढली की तिच्याबरोबर ती टिपणेही बाहेर येतात. लोकांनी ती माझ्यापाशी ठेवली होती, आणखी कोणापाशी नाही. नजर अधू झाली म्हणून ठेवीदाराची संमती न घेता ठेव दुसऱ्याच्या हाती देता येते का?

म्हणून मी कानांना यंत्र लावले, म्हणजे आवाज खोलीत जाणार नाही. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याचीही सोय आहे. संगणक चालू राहतो, ऐकणाऱ्याला सारे ऐकू येते, आणि शेजारच्याला काही दिसत नाही. डोळसांच्या जगात अंधाला मिळालेला हा एक आडोसाच म्हणायचा.

प्रत्यक्ष काम कठीण नव्हते. वहीच्या नावावर जाऊन शिफ्ट आणि एफ-१० या कळा दाबल्या की यादी उघडते. बाणाच्या कळीने खाली सरकत 'एक्स्पोर्ट' हा शब्द ऐकू आला की एंटर. पुढे फाईलचा प्रकार विचारला जातो, आणि येथे सावधपणे ऐकावे लागते. स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाईलचे दोन पर्याय पाठोपाठ येतात. त्यांतला यूटीएफ-८ हा शब्द असलेला निवडावा. दुसऱ्याने देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा धोका असतो. नव्या संगणकावर 'इम्पोर्ट' करताना कोणता स्तंभ नावाचा, कोणता पत्त्याचा, कोणता टिपणाचा, हे एकेक तपासून घ्यावे. या प्रकारच्या फाईलमधून गट येत नाहीत. गायकवृंदाचा आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांचा असे दोन्ही गट मी नव्याने बांधले. शेवटी पेन ड्राइव्हवरची फाईल पुसून टाकली. ती साधी मजकुराची फाईल असते. जिच्या हाती पडेल ती व्यक्ती ती उघडून वाचू शकते. जुना संगणक कोणाला देण्यापूर्वी त्यातलीही वही पुसली.

सर्व नावे नीट आली की नाही हे पाहण्यासाठी मी यादी पहिल्यापासून ऐकली. डोळा अशी यादी चाळतो. कानाला चाळता येत नाही. एक नाव संपल्याशिवाय दुसरे येत नाही. डिसोजांमागून डिसोजा, लोपीसांमागून लोपीस, आणि इंग्रजी आवाजाला आमची मराठी नावे जमेनात म्हणून मध्येच मराठी आवाज लावणे. पाऊण तास लागला. त्या अवधीत अनेक चेहरे डोळ्यांपुढून गेले, अगदी लख्ख. सतरा जण आता या जगात नव्हते. त्यांची नावे मी वेगळ्या यादीत ठेवली. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती मिस्सेत घेतो.

सेमिनरीत असताना रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आम्ही विद्यार्थी घाईने ओलांडत असू. त्यात सिद्धान्त थोडा, आणि नावेच नावे. फिबी, प्रिस्का, अक्विला, रूफ आणि त्याची आई. आता वाटते, पौलाने इतका गहन विचार मांडून झाल्यावर ही नावे उगाच घातली नाहीत. विचार ज्यांच्यासाठी होता ती ही माणसे. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियाचाही त्यात नमस्कार आहे. त्या सर्वांची नावे त्याच्याही हातून गेली होती.

वाचकहो, आपल्या घरांतही नजर मंदावलेली वडीलधारी माणसे आहेत. त्यांचा फोन, त्यांची बँक, त्यांची पत्रे आपण प्रेमानेच आपल्या हाती घेतो, आणि मग त्यांना कोणाचे पत्र आले हेही आपणच ठरवून सांगू लागतो. काम झटपट होते खरे. परंतु त्या माणसाचे स्वतःचे असे काही उरत नाही. त्याच्यापाशी विश्वासाने ठेवलेल्या दुसऱ्यांच्या गोष्टीही उघड्या पडतात. त्यापेक्षा त्यांना ऐकत काम करायला शिकवावे. पाच मिनिटांच्या कामाला दोन दुपारी लागतील. तो तरुण माझ्याशेजारी दोन दुपारी बसला, आणि त्याने एकदाही कळफलकाला हात लावला नाही. तेवढी मदत मला पुरेशी झाली.