धागेदोरे

"पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले आहेत" हे वाक्य मी गेली साठ वर्षं वर्तमानपत्रात वाचतोय. वर्गात मुलांना सांगायचो, की हरवलेलं शोधणं आणि धागा सापडणं या दोन गोष्टी आपल्या भाषेनं केव्हाच एकत्र बांधून टाकल्यात. 'माग' हा शब्दच बघा ना. पावलांच्या खुणांचाही माग आणि विणकराचाही माग! (व्युत्पत्ती वेगवेगळ्या असतील, जाणकारांनी रागावू नये.) पण बाणाला खरोखरीचा दोरा बांधून जनावराचा माग काढतात, हे मला पंचाहत्तरीत कळलं आणि तेही भाच्याकडून.

भाचा मिशिगनमध्ये असतो. गेली चार-पाच वर्षं तो ऑफिसातल्या एका मित्राबरोबर धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतो. तिथं ते रीतसर आहे. परवाना काढायचा, १ ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम सुरू होतो. राज्याच्या दक्षिण भागातले लांडगे केव्हाच संपले, हरणं वाढली, आणि त्या एका राज्यात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त वेळा मोटार आणि हरणाची टक्कर होते. हा हिशोब त्यानं मला समजावून सांगितला. मला थोडा पटला, अक्काला मुळीच नाही. अक्का म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून ती आमच्याकडे वारज्यालाच असते. "आपल्या घरात अंडं शिजलं नाही कधी," एवढंच ती म्हणायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. तरी बोलणं चालू होतं.

ते थांबलं गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. संध्याकाळी त्यानं एका हरणाला बाण मारला. लागला, पण हरीण पळालं ते पाणकणसांच्या दलदलीत शिरलं. वरून पाऊस आला. रात्री दोनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधूनही सापडलं नाही. चार दिवस त्याला जेवण गेलं नाही, आणि ते त्यानं आईलाच सांगितलं. आईलाच सांगणार ना माणूस! अक्का म्हणाली, "मारलंस ते मारलंस, वर टाकूनही आलास? अरे, दशरथानं चुकून बाण मारला तरी तो निदान जवळ गेला, त्या पोराच्या आईबापांना पाणी नेऊन दिलं." त्यानंतर आठ-दहा महिने मायलेकांत फक्त निरोप चालले, आणि टपाल्या मी.

मला यातलं थोडं कळतं, त्याचं कारण माझी पहिली नोकरी. १९७३ साली मी धडगावच्या बाजूला सातपुड्यात शिक्षक म्हणून गेलो. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली. भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण कायद्याला डोंगर चढायला वेळ लागतो. घराघरात बांबूचं धनुष्य असायचं. एकदा एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी भेकराला बाण मारला आणि मी त्यांच्यामागून गेलो. नवखा मास्तर, कुतूहल दांडगं. मला वाटलं होतं बाण लागला की जनावर पडतं, सिनेमात पडतं तसं. तसं नसतं. बंदुकीच्या गोळीचा दणका बाणाला नसतो. बाणाचं पातं आत कापतं आणि रक्त जाऊन जनावर मरतं. तोवर ते पळतं.

आजोबा लगेच निघालेच नाहीत. बसून राहिले. मागे लागलं की जनावर जीव घेऊन लांब पळतं, सोडून दिलं तर जवळच कुठंतरी बसतं, हे मला नंतर समजलं. मग ते रक्त बघत निघाले. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलंय, फार लांब जायचं नाही. काळपट असेल तर काळजाला. घाण वास आला तर पोटात, मग मात्र कितीतरी तास थांबायचं. नातवाला त्यांनी शेवटच्या थेंबापाशी उभं केलं होतं. पुढचा थेंब सापडेपर्यंत त्या पोरानं तिथून हलायचं नाही. वर्गात दोन मिनिटं एका जागी न बसणारा तो पोरगा तिथं खांबासारखा उभा होता. भेकर सापडलं. ते मी खाल्लं नाही, पण आजोबांबद्दलचा माझा आदर वाढला तो कायमचा.

तर भाच्यानं यंदा जे यंत्र आणलं, ते म्हणजे त्या नातवाची जागा घेणारा दोरा. धनुष्याच्या पुढच्या बाजूला एक लहानसा डबा बसवतात. त्यात बारीक, चिवट, पांढऱ्या दोऱ्याचं बंडल. काही शे फुटांपासून दोन-अडीच हजार फुटांपर्यंत दोरा मिळतो म्हणे. बंडल आतल्या बाजूनं उलगडतं, त्यामुळे ते गरगर फिरत नाही आणि दोरा न अडखळता सुटतो. टोक बाणाला, पात्याच्या मागे बांधायचं. जनावर पळालं की बाणाबरोबर दोरा ओढला जातो. अस्वलाच्या शिकारीत हा विशेष वापरतात, कारण अस्वलाची चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर फार पडतच नाही.

भाच्यानं तोटेही प्रामाणिकपणे सांगितले. दोऱ्याच्या ओढीनं बाण लवकर खाली येतो. वीसेक यार्डांच्या पुढे नेम धरता येत नाही. वाऱ्यानं दोरा भलतीकडे जातो, झुडपात अडकतो, तुटतो. म्हणून पुष्कळ शिकारी त्याला नाकं मुरडतात. मला मात्र तो तोटाच आवडला. जवळ आल्याशिवाय मारता येत नाही, ही काय वाईट अट आहे?

शिकारीचं म्हणाल तर हौसेखातर जीव घेणं मला आजही पटत नाही, तो खाण्यासाठी मारतो हे ठाऊक असूनही. पण आपल्या जुन्या कथा मी त्या दिवसांत पुन्हा आठवून पाहिल्या. जरा नावाचा व्याध हरीण समजून बाण मारतो आणि जवळ गेल्यावर कळतं, तो श्रीकृष्णाचा पाय आहे. काय मारलं हे बाण सोडताना कळत नाही, चालत गेल्यावर कळतं. आणि किरात-अर्जुनाचं भांडण तर निव्वळ दोऱ्याअभावी झालं! एक रानडुक्कर, दोन बाण, आणि शिकार कुणाची म्हणून साक्षात शंकराशी कुस्ती. पाशुपतास्त्र मिळालं म्हणून बरं. असो.

यंदाच्या ऑक्टोबरात एके दिवशी पहाटे साडेचारला फोन वाजला. तिकडे संध्याकाळ. "मामा, बाण लागलाय, दोरा गेलाय. अर्धा तास थांबतो, मग निघतो." एवढं बोलून त्यानं ठेवला. मी दिवा लावला तर अक्का पलीकडच्या खोलीच्या दारात उभी. तिला झोप कमीच.

"किती गेलाय दोरा?"

"ते विचारलं नाही."

"बॅटरी आहे का त्याच्याजवळ?"

मी चहा टाकला. ती देवाजवळ न जाता ओट्याशीच स्टुलावर बसली. हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता. पाच वाजले, सव्वापाच झाले. तिचा चहा तसाच होता. साडेपाचला फोन आला तेव्हा तो मी उचलायच्या आत तिनं उचलला.

"सापडलं का ते?"

पलीकडून काय आलं ते मला नीट ऐकू आलं नाही. ऐंशी पावलं, पाणकणसं, असं काहीतरी.

"फार तडफडलं नाही ना रे?"

तो बराच वेळ बोलत होता. अक्का हुं हुं करत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाली, "बरं. आता घरी जायच्या आधी तो दोरा सगळा गोळा कर. एक तुकडा ठेवू नकोस झाडावर. इथं संक्रांतीनंतर मांजात अडकून पाखरं लटकतात ती बघतेय मी दरवर्षी."